कुबडींतील गुप्ती

कोल्हापूरच्या जवळ, हातकणंगले तालुक्यांत, मनपाडळें आणि पारगांव अशीं दोन गांवें आहेत. समर्थ रामदासस्वामींनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं दोन मारुती या गांवीं आहेत. परंपरेप्रमाणें त्यांची स्थापना इ. स. १६५० नंतर एकदोन वर्षांतच झाली. त्या वेळीं जवळचा पन्हाळगड विजापूरच्या अंमलांत होता. शिवाजीमहाराजांनीं तो प्रथम जिंकला, तो १६५९ सालीं. तेव्हां परक्या किल्ल्याच्या नजरेखालीं हें बलाचें दैवत कशासाठीं बसविलें असावें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

लोकसमजुतीनें याचें उत्तर केव्हांच देऊन टाकलें आहे. रामदासी मठ हीं स्वराज्याचीं गुप्त ठाणीं होतीं, भिक्षेस हिंडणारे शिष्य हेर होते आणि प्रसंग पडल्यास ते शस्त्रहि धरीत, असें अनेक घरांतून सांगितलें जातें. सज्जनगडावर समर्थांची म्हणून जी कुबडी दाखवितात, तिच्यांत गुप्ती आहे. ती पाहून आलेल्या भाविकास आणखी पुरावा लागत नाहीं.

कागदपत्र मात्र इतके बोलके नाहींत. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचून रामदासी संप्रदायाचीं बाडें व पत्रें मिळविलीं. चाफळच्या देवस्थानास महाराजांनीं १६७८ सालीं दिलेली सनद प्रसिद्धच आहे. परंतु पत्रांतून जें दिसतें, तें मुख्यतः उत्सव, भिक्षा आणि इनामें यांविषयीं. राजांची व समर्थांची पहिली भेट परंपरा १६४९ सालीं धरते. एका पत्राच्या आधारें कित्येक संशोधक ती १६७२ सालची मानतात. भेटीचेंच साल जेथें वादग्रस्त, तेथें हेरगिरी सिद्ध झाली असें कोण म्हणेल? अर्थात् गुप्त कार्याचे कागद कोणी जपून ठेवीत नाहीं, हेंहि खरें. म्हणून हें कोडें सुटत नाहीं.

शस्त्रधारी संन्यासी हिंदुस्थानांत नव्हतेच, असें मात्र नाहीं. अनूपगिरी गोसावी, म्हणजेच हिंमतबहाद्दर, १७६१ सालीं पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूनें मराठ्यांविरुद्ध उभा होता. त्याचे गोसावी ही उघड उघड पगारी फौज होती. १७७० नंतर बंगाल्यांत संन्याशांच्या टोळ्यांनीं इंग्रजांस सतावून सोडलें. या टोळ्यांत उत्तरेकडून फिरत येणारे गोसावी पुष्कळ होते. बंकिमचंद्रांनीं १८८२ सालीं ‘आनंदमठ’ लिहिला, तेव्हां त्यांच्या जागीं मातृभूमीसाठीं घरदार सोडलेले बंगाली तरुण आले. कादंबरी इतकी प्रभावी ठरली कीं, पुढील पिढ्यांनीं मूळ संन्याशांकडेहि तिच्याच डोळ्यांनीं पाहिलें.

मराठींतहि ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने, १८७१ च्या सुमारास, शिवकालापासूनच झाला. अशा लेखकांस गोसाव्यासारखें पात्र दुसरें कोठें मिळणार? त्याला कोणत्याहि दारांत थांबतां येतें. त्याचें पूर्वायुष्य कोणी विचारीत नाहीं. झोळींत पीठ आहे कीं पत्र, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. इतिहास जेथें मौन धरतो, तेथें कल्पनेस बोलण्याचा अधिकार आहे, आणि तो तिनें जरूर वापरावा.

अडचण येते ती वाचकाकडून. आवडलेली गोष्ट तो हळूहळू बखरीच्या शेजारीं ठेवतो आणि मुलांना इतिहास म्हणून सांगतो. मग कोणी पुरावा मागितला, तर तो प्रश्न न वाटतां अधिक्षेप वाटतो. वास्तविक कुबडींत गुप्ती असणें ही एक गोष्ट, आणि ती कोणावर उपसली गेली हें ठाऊक असणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर कादंबरीकारानें आनंदानें भरून काढावें. वाचकानें तें विसरूं नये. मनपाडळें व पारगांव येथील मारुतींचें महत्त्व त्यामुळें तिळभरहि उणें होत नाहीं. परक्या सत्तेखालीं एका विरक्तानें सामान्य गांवकऱ्यांपुढें बलाचा आदर्श उभा केला, ही परंपरा कोणत्याहि भुयाराची जोड न देतांहि पुरेशी मोठी आहे.