शिवछत्रपतींची उत्कीर्ण व्यक्तिचित्रे : ऐतिहासिक साधन म्हणून चिकित्सा

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर येथील क्रांती चौकात २०२२ मध्ये शिवछत्रपतींच्या नव्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. अशा शिल्पांतील मुखाकृतीला समकालीन आधार कोणता, हे पाहू जाता अभ्यासकाला सतराव्या शतकातील दख्खनी लघुचित्रांकडे व युरोपात छापल्या गेलेल्या व्यक्तिचित्रांकडे वळावे लागते. प्रस्तुत निबंधात या छापील चित्रांचे साधनमूल्य तपासले आहे.

तंत्र :
उत्कीर्णनात तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने थेट रेषा खोदली जाते. अम्लरेखनात पत्र्यावर अम्लरोधक लेप देऊन सुईने रेखाटन करतात व उघडा पडलेला धातू अम्लाने झिजवला जातो. खोबणीत शाई भरून ओलसर कागदावर रुळाच्या दाबाने ठसा घेतात. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघत असल्याने राजेरजवाड्यांची रूपे ग्रंथांद्वारे दूरवर पोहोचली.

साधनांचे स्वरूप :
ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलस वित्सेन याच्या संग्रहातील गोवळकोंडा शैलीचा चित्रसंच आज तेथील राइक्स म्युझियममध्ये असून त्यात महाराजांचे चित्र आहे. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४-२६ मधील डच ग्रंथातही महाराजांचे उत्कीर्ण चित्र आढळते. मात्र व्हॅलेंटाइनचा जन्म १६६६ चा आणि महाराजांचे निधन १६८० चे. म्हणजे हे चित्र प्रत्यक्षदर्शी नव्हे, तर हाती आलेल्या चित्राचे अनुकरण होय. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचे चित्र प्रसिद्ध केले आणि तोवर महाराजांचे म्हणून प्रचलित असलेले चित्र इब्राहिमखानाचे असल्याचे दाखवून दिले. चित्राखालील नाव हा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

चिकित्सा :
पत्र्यावरील आकृती कागदावर उलट उमटते. कारागिराने मूळ चित्र पत्र्यावर जसेच्या तसे उतरविले, तर ठशात डावे-उजवे बदलते. त्या काळी जाम्याचे बंद हिंदू डावीकडे, तर मुसलमान उजवीकडे बांधीत. त्यामुळे केवळ छपाईच्या उलटापालटीने व्यक्तीच्या ओळखीची एक महत्त्वाची खूणच बदलू शकते. शिवाय लघुचित्रातील सपाट रंग कोरणीच्या आडव्या-तिरप्या रेषांत उतरविताना छायाप्रकाश युरोपीय कारागिराच्या सवयीने येतो. तो मूळ चित्रकाराचा नसतो.

निष्कर्ष :
उत्कीर्ण चित्र हे व्यक्तीच्या रूपाचे दुय्यम, परंतु त्या रूपाच्या प्रसाराचे प्राथमिक साधन आहे. म्हणून पेहराव, शस्त्र वा मुद्रा यांविषयी अनुमान काढण्यापूर्वी त्याची समकालीन लघुचित्राशी तुलना करणे अनिवार्य ठरते.