वेणूताईंची पहिली संक्रांत



माझं माहेर फलटण, सासर सोलापूर. आपल्या समाजात या दोन गावांत इतक्या सोयरिकी झाल्यात की कोण कुणाची नणंद लागते याचा हिशेब माझ्या बी.कॉम.लाही जमत नाही! फलटणला आपण जैनांची काशी म्हणतो, पण याच गावातल्या एका मराठा घरातल्या मुलीची गोष्ट आज सांगायची आहे.

ही फलटणच्या मोऱ्यांची वेणू. २ जून १९४२ रोजी कऱ्हाडला तिचं लग्न झालं. ठरवून झालेलं, आपल्या सगळ्यांसारखं. नवरा एकोणतीस वर्षांचा, नुकताच वकील झालेला, यशवंत बळवंत चव्हाण. देवराष्ट्र्याचं गरीब घर, वडील लहानपणीच गेलेले, सासूबाई विठाबाईंनी कष्टानं मुलं वाढवलेली. मुलगा चळवळीत आहे, हे माहीत असूनच मुलगी दिली. वकिली आहे, संसार होईल, असंच कोणत्याही आईबापांना वाटलं असणार.

दोन महिन्यांत ऑगस्टची चळवळ पेटली आणि यशवंतराव भूमिगत झाले. नव्या नवरीला धड ओळखही न झालेला नवरा घरातून नाहीसा!

मग आली पहिली संक्रांत. आपल्याकडे सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, ओळखीच्या घरी तिळगूळ. माझे हलव्याचे दागिने सासूबाईंनी स्वतः केले होते, दोन रात्री जागून. वेणूताईंच्या नशिबी १४ जानेवारी १९४३ ला पोलीस आले. नवरा सापडेना म्हणून बायकोला धरलं. तिचा गुन्हा काय, तर कुंकू त्याच्या नावाचं. तो सण तिनं तुरुंगात काढला.

त्याच सुमारास थोरले दीर ज्ञानोबा वारले. मधले दीर गणपतराव तुरुंगात. घरात सासूबाई, जावा, लेकरं. सुटून आलेल्या वेणूताईंची तब्येत ढासळली ती ढासळलीच, त्या माहेरी फलटणला राहिल्या. आजारी बायकोला भेटायला यशवंतराव लपत आले आणि तिथेच पकडले गेले. वाटतं, त्या क्षणी तिला काय वाटलं असेल? आपल्यामुळे सापडला, हे? की निदान एकदा भेटला, हे?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९६० ला ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, १९६२ ला संरक्षणमंत्री. दिल्लीच्या बंगल्यातही वेणूताई स्वयंपाकघर, पाहुणे आणि देवपूजा यांतच रमल्या. मूल झालं नाही. आपल्याकडे अशा बाईला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको.

१ जून १९८३ ला त्या गेल्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. यशवंतरावांनी त्यांच्या नावानं ट्रस्ट केला. दीड वर्षही काढलं नाही त्यांनी तिच्यावाचून, २५ नोव्हेंबर १९८४ ला तेही गेले. कऱ्हाडला वेणूताईंच्या स्मारकात यशवंतरावांची पुस्तकं ठेवली आहेत. फलटणला जाताना यंदा वाट वाकडी करून तिकडे जायचं मी ठरवलं आहे, सुनेलाही घेऊन.