छायाचित्राची साक्ष आणि शांतीची वार्ता

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याची मिठागरे आहेत. मे १९३० मध्ये महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी येथे मिठाचा कायदा मोडला, लाठ्या सोसल्या आणि तुरुंगाची वाट धरली. वि. स. खांडेकर त्या काळी ह्याच गावी शिक्षक होते. शिरोड्याची ही हकीकत आपणांस ठाऊक आहे ती मुख्यत्वे शब्दांमुळे. संघर्षाच्या वार्तेला छायाचित्राची जोड मिळाली म्हणजे ती शांतीच्या उपयोगी पडते की वैराच्या, हा प्रश्न आज पुन्हा विचारणे अगत्याचे झाले आहे.

त्याच महिन्याच्या २१ तारखेस गुजरातेतील धारासणा येथे सत्याग्रहींच्या रांगांमागून रांगा मिठागरांकडे चालून गेल्या. डोक्यावर पडणारा घाव अडविण्यासाठीदेखील कोणी हात वर केला नाही. युनायटेड प्रेसचे अमेरिकन वार्ताहर वेब मिलर तेथे उपस्थित होते. त्यांनी रुग्णालयात जाऊन स्वतः ३२० जखमी मोजले. दोघांनी तोवर प्राण सोडला होता. सरकारने तारा अडविण्याचा प्रयत्न केला, तरी त्यांचा वृत्तांत जगातील तेराशेहून अधिक वृत्तपत्रांत छापून आला. हे सामर्थ्य शब्दांचे होते.

मुंबईत मात्र कॅमेरा रस्त्यावर उतरला होता. १९३०-३१ च्या कायदेभंगाच्या छायाचित्रांचा एक संग्रह के. एल. नर्सी ह्या नावाने ओळखला जातो. आज तो अल्काझी छायाचित्र संग्रहात जतन केलेला आहे. मीठ तयार करणारे स्वयंसेवक, मिरवणुकीत अग्रभागी चालणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यासमोर उभे ठाकलेले लाठीधारी पोलीस त्यात दिसतात. ही चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत असल्यामुळे, हातात शस्त्र कोणाच्या आहे व कोणाच्या नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. अहिंसेचे तत्त्व निरक्षर माणसालाही दिसू शकले, ते अशा चित्रांमुळे.

'शांतीची पत्रकारिता' ही कल्पना पुढे नॉर्वेचे विचारवंत योहान गाल्टुंग (निधन २०२४) ह्यांनी मांडली. त्यांनी १९५५ साली आर्ने नेस ह्यांच्यासह गांधीजींच्या राजकीय नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता, हा योगायोग नव्हे. युद्धाची वार्ता खेळाच्या वार्तेसारखी दिली जाते, कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच तीत असते, असे त्यांचे निरीक्षण होते. शांतीची वार्ता आरोग्याच्या वार्तेसारखी असावी, असे ते म्हणत. रोग कोणता, तो कशाने झाला, त्यावर उपाय कोणता आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे सारे तीत आले पाहिजे.

ही कसोटी छायाचित्राला लावली म्हणजे अडचण उभी राहते. छायाचित्र एका क्षणाचे असते. कारण आणि उपाय त्या क्षणाच्या बाहेर असतात. २००२ च्या गुजरात दंगलीतील दोन छायाचित्रे जगभर गेली. अर्को दत्त ह्यांनी टिपलेल्या चित्रात एक मुसलमान शिंपी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून प्राणांची याचना करीत आहे. सबॅस्टियन डिसोझा ह्यांच्या चित्रात कपाळाला भगवी पट्टी बांधलेला एक चर्मकार हात पसरून, हाती लोखंडी गज घेऊन आगीच्या पार्श्वभूमीवर उभा आहे. एक चेहरा भयाचे प्रतीक ठरला, दुसरा द्वेषाचे. त्या शिंप्याने आपल्याच महाराष्ट्रात, मालेगावी, आसरा घेतला. पंधरवड्याच्या आत वृत्तपत्रातले ते चित्र तेथेही पोहोचले आणि त्याची नोकरी गेली. आपला चेहरा वापरू नका, अशी विनंती त्याला पुढे करावी लागली. म्हणून त्याचे नाव येथे दिलेले नाही. दुसऱ्यानेही आपण हिंसेत नव्हतो असे सांगितले. परंतु चित्राला हे सांगता येत नव्हते.

म्हणून ती चित्रे छापायलाच नको होती काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांच्याशिवाय त्या दिवसांचे भय आणि द्वेष दूरच्या लोकांना इतक्या प्रकर्षाने जाणवले नसते. उणीव राहिली ती पुढची. २०१४ साली केरळात हे दोघे एका व्यासपीठावर आले. २०१९ साली त्या चर्मकाराने अहमदाबादेत 'एकता चप्पल घर' नावाचे दुकान काढले, तेव्हा उद्घाटन त्या शिंप्याच्या हस्ते झाले. ह्या तिसऱ्या चित्राची वार्ता आली खरी, परंतु पहिल्या दोन चित्रांइतकी ती किती जणांच्या स्मरणात आहे? रोग आपण पाहिला, बरा होणारा रोगी पाहिला नाही.

आपल्या किनाऱ्यालाही हे परके नाही. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला आणि दोन दिवसांनी तेथेच दोन राजकीय पक्षांचे कार्यकर्ते समोरासमोर आले. त्या झटापटीची दृश्ये घरोघरच्या फोनवर फिरली. पूर्वी चित्र छापावे की नाही, त्याखाली काय लिहावे, ह्याचा विचार संपादक करीत असे. आता चित्र पुढे पाठविणारा प्रत्येक जण संपादक झाला आहे. तेव्हा वाचकहो, हे केव्हाचे, कोठले, ह्याच्या आधी काय घडले आणि ह्यातील माणसाचे उद्या काय होईल, इतके प्रश्न विचारूनच चित्र पुढे पाठवावे. आणि भांडण मिटले, तर मिटल्याचेही चित्र तितक्याच तत्परतेने पाठवावे.