वाळूतील अक्षरे

पालकहो, शिकवणी परवडत नाही, मग मुलाचे वाचन-लेखन सुधारणार कसे, असा प्रश्न आपण वारंवार विचारता. त्याचे एक उत्तर इतिहासात आहे.

पाद्री अँड्र्यू बेल हे १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख करीत. तेथील गावशाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवितात, हे त्यांनी पाहिले. आपल्याकडील धूळपाटीची रीत तीच. कागदाचा खर्च नाही. चुकले की पुसावे. बेलसाहेबांच्या शिक्षकांना हे रुचले नाही. तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किनकडे अक्षरवर्ग सोपविला, आणि त्याने तो नीट चालविला. १७९७ मध्ये बेल यांचा वृत्तांत लंडनला छापला गेला व 'मद्रास पद्धती' विलायतेत पसरली.

तीत पाठांतर फार व समज कमी, हा दोषही पुढे दिसून आला. म्हणून अर्थ आणि व्याकरण शिकविणे हे शिक्षकाचेच काम. परंतु अक्षरे गिरविणे, जोडाक्षरे ओळखणे, मोठ्याने वाचणे, एवढे चौथीतली बहीण पहिलीतल्या भावाकडून रोज पंधरा मिनिटे करवून घेऊ शकते. त्यात तिचाही पाया पक्का होतो. घरातला हा शिक्षक ओळखा.