चौकोनी कंसांची गोष्ट

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत महाजालाची पाने पाहण्याचे जे पहिले साधन, म्हणजे पहिला ब्राउझर, तयार केले, त्यात पान वाचता वाचता तिथल्या तिथे दुरुस्तही करता येत असे. वाचणारा आणि लिहिणारा असे दोन वर्ग त्यांच्या मनात नव्हतेच. परंतु ते 'नेक्स्ट' नावाच्या महागड्या संगणकावरच चाले. १९९३ साली अमेरिकेत 'मोझेक' आला, साध्या संगणकांवर चालला, चित्रे दाखवू लागला आणि लोकप्रिय झाला. मात्र त्यात लिहिण्याची सोय नव्हती. महाजालावर लोकांची रीघ लागली, ती केवळ वाचक म्हणून.

उरली एक लहानशी चौकट. फॉर्म भरताना चार ओळी लिहिता याव्यात म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेली. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी या चौकटीतूनच लेखनाचा दरवाजा पुन्हा उघडला. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बससेवेचे 'विकी विकी' (हवाई भाषेत 'झटपट') हे नाव त्यांनी आपल्या उपक्रमाला दिले. पानाच्या तळाशी असलेल्या दुव्यावर टिचकी मारली की पानाचा मजकूर चौकटीत येई. तो बदलायचा आणि जतन करायचा, बस्स.

त्या मजकुरात एचटीएमएलच्या टोकदार कंसांचे जंजाळ नव्हते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अवतरणखुणा दिल्या की तो तिरपा, तीन-तीन दिल्या की ठळक. चार आडव्या रेघा टंकल्या की पानभर आडवी रेघ. एवढ्या खुणा पोस्टातला कारकूनही दुपारभरात शिकला असता. यादीची मात्र गंमत होती. यादीच्या ओळीआधी 'टॅब' हवा असे आणि ब्राउझरमध्ये ती कळ दाबली की माणूस चौकटीबाहेर फेकला जाई! तेव्हा 'मला टॅब देता येत नाही, माझ्या मोकळ्या जागांचे टॅब करून घ्या' असे सांगणारा एक खुणेचा चौकोन कनिंगहॅमना खाली ठेवावा लागला.

आपल्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच होती. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा द्यायचा तर दोन इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवायचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले ठेवायचे, असा विकीचा नियम होता. इंग्रजीत हे दिसायला ओबडधोबड, पण सोपे. देवनागरीला मोठी अक्षरे कुठली? कन्नडला नाहीत, तेलुगूला नाहीत, उर्दूलाही नाहीत. या नियमाने मराठीत पाने लिहिता आली असती, पण एकही दुवा देता आला नसता. दुव्यांवाचून विकी म्हणजे कड्या नसलेली साखळी.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला, तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या 'यूजमॉडविकी'वर. तिथेही आरंभी हाच नियम होता. ज्ञानकोशाला तो जाचू लागला, कारण अनेक विषयांची नावे एका शब्दाची असतात. त्याच वर्षी दुहेरी चौकोनी कंस आले. कंसात लिहाल तो दुवा. ही सोय इंग्रजी लेखकांच्या अडचणीतून आली, आपला विचार करून नव्हे. पण आपल्या लिप्यांना वाट मिळाली ती त्याच कंसांतून. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. कन्नडही त्याच वर्षी.

मराठीने या कंसांनाही थोडे कामाला लावलेच. आपले शब्द विभक्तीत रूप पालटतात. लेखाचे नाव 'कोल्हापूर', वाक्यात मात्र 'कोल्हापुरात'. म्हणून [[कोल्हापूर|कोल्हापुरात]] असे लिहावे लागते: उभ्या रेघेआधी पत्ता, नंतर वाचकाला दिसणारा शब्द. सीमाभागातल्या ज्या घरांत कन्नडही बोलली जाते, त्यांना प्रत्यय जोडून शब्द बदलणे नवे नाही.

टंकनाचा प्रश्न उरलाच होता. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटांतला मजकूर चौकटीत डकवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोड रुळले आणि २०११ साली 'नारायम' हे साधन भारतीय भाषांच्या विकींवर आले. रोमन कळा दाबल्या की चौकटीतच देवनागरी उमटे. २०१३ मध्ये खुणांशिवाय लिहिण्याचा 'व्हिज्युअल एडिटर' इंग्रजी विकिपीडियावर आणला गेला, तेव्हा जुन्या लेखकांनी इतका विरोध केला की काही महिन्यांतच तो ऐच्छिक करावा लागला. हाताला बसलेली खूण सहजी सुटत नाही, हे मला तरी समजण्याजोगे वाटते.

खुणांमधले शब्दही आता आपल्या भाषेतले आहेत. मराठी विकिपीडियावर लेख कोणत्या गटातला हे कंसात 'वर्ग:' लिहून सांगतात, छायाचित्र लावताना 'चित्र:' लिहितात. कन्नड विकिपीडियावरही हेच दोन शब्द आहेत, फक्त लिपी त्यांची.