चौथा प्रोग्राम उघडत नाही!

तुमच्या फोनवर आत्ता किती ॲप्स उघडी आहेत? तीनपेक्षा जास्त असतील, तर आजची गोष्ट तुमच्यासाठीच.

25 ऑक्टोबर 2001. मायक्रोसॉफ्टचं विंडोज एक्सपी बाजारात आलं. अमेरिकेत होम आवृत्ती 199 डॉलरला, प्रोफेशनल 299 ला. वरचे 100 डॉलर कशाचे? प्रोफेशनल ऑफिसच्या डोमेनला जोडता यायचं, दूर बसून रिमोट डेस्कटॉपने चालवता यायचं, फाइल्स एन्क्रिप्ट करता यायच्या. होममध्ये हे काहीच नव्हतं. पण आतला गाभा, म्हणजे कर्नल, दोघांचा एकच!

2004 मध्ये आणखी एक आवृत्ती जाहीर झाली, स्टार्टर. आधी थायलंड, मलेशिया, इंडोनेशियासाठी. मग भारतात, हिंदीतून. ती फक्त नव्या, स्वस्त कॉम्प्युटरसोबत यायची, सुटी मिळायची नाही. एका वेळी तीनच प्रोग्राम, आणि सुरुवातीला स्क्रीन 800 बाय 600 च्या पुढे नाही.

स्वस्तात अस्सल विंडोज मिळालं, हे मान्य. पण मला खटकतं ते वेगळंच. चौथा प्रोग्राम मशीनला झेपत नव्हता म्हणून अडत नव्हता. तो मुद्दाम अडवलेला होता. 2009 मध्ये विंडोज 7 स्टार्टर आलं, तेव्हा तीनची अट विक्रीआधीच काढली. वॉलपेपर मात्र तरीही बदलता येत नव्हता!

म्हणून पुढच्या वेळी 'लाइट' आणि 'प्रो' असे दोन पर्याय दिसले, की एवढंच विचारा: स्वस्तातल्यात जे नाही, ते बनवलंच नाही, की बनवून कुलूप लावलंय?