अग्रणींच्या घरातील बालसाहित्यिका

सई परांजपे यांचे नाव 'स्पर्श' आणि 'चश्मेबद्दूर' या चित्रपटांमुळे सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांची लेखणी प्रथम चालली ती बालकांसाठी. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचा 'मुलांचा मेवा' हा परीकथांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

१९३८ साली जन्मलेली ही मुलगी वाढली ती नवी वाट पाडणाऱ्यांच्या सहवासात. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे हे १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. आई शकुंतलाबाईंनी संततिनियमनाचा प्रचार केला, तोही त्या शब्दाचा उच्चार असभ्य गणला जाई अशा काळात! वडील रशियन चित्रकार (भिलाईकरांना रशियनांचे अप्रूप ते काय सांगावे?), पण संगोपन झाले ते आईच्या घरी. आजोबा १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते. तेव्हा सईंचे काही बालपण कॅनबेरातही गेले. तरीही पुढे 'शेपटीचा शाप', 'झाली काय गंमत' ही बालनाट्ये त्यांनी लिहिली ती मराठीतच.

कुरुदमधील आमची मुले आपसांत हिंदीत बोलतात. त्याचा आम्हांस विषाद नाही. मात्र त्यांच्याकडून 'शेपटीचा शाप' बसवून घ्यावयाचे ठरविले, तर शेजारी बसून निम्म्या शब्दांचे अर्थ आम्हांसच सांगावे लागतील.